गाडीचा एसी आवाज करतोय? ‘कुठून’ नंतर, आधी ‘यावाग’

आधी लक्षणं. यातलं आपल्या गाडीचं कुठलं ते ओळखा, मग पुढं वाचा.

- पंखा लावला की डॅशबोर्डातून फडफड किंवा खरखर. पंखा एकवरून चारवर नेला की आवाजही तेवढाच चढतो.
- एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून ‘चींऽऽ’. कधी दोन सेकंदांत थांबतो, कधी थांबत नाही. पावसाळ्यात सकाळी हमखास.
- इंजिन चालू, एसी बंद, तरी बोनेटखाली जातं फिरवल्यासारखी घरघर. एसी लावला की ती कमी होते, निदान बदलते तरी.
- एसी लावला तरच ठकठक. बंद केला की चिडीचूप.
- थोड्या थोड्या वेळानं ‘टक्’, आणि हवा धड गार नाही, धड गरम नाही.
- डॅशबोर्डामागं सतत ‘फुस्स’.
- किल्ली फिरवली की डॅशबोर्डात पाल चुकचुकल्यासारखं टिकटिक, मग शांत.
- वळणावर पाणी डचमळल्याचा आवाज, आणि डावीकडच्या सीटपुढचं मॅट ओलं.

यातल्या कुठल्याही आवाजाला आपल्याकडं एकच नाव आहे: "कॉम्प्रेसर गेला." कॉम्प्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप.

माझ्या दोन गाड्या बेळगावातून भाड्यानं फिरतात. एक चोर्ला घाटातून गोव्याला, दुसरी निपाणी, चिकोडी, अथणी, जिकडं गिऱ्हाईक नेईल तिकडं. मी आयटीआय केलेला मेकॅनिक नव्हे. पण मे महिन्यात अथणीच्या वाटेवर एसी बंद पडला की गिऱ्हाईक काय काय बोलतं ते ऐकून ऐकून शिकलो. आता गल्लीत कुणाचा एसी कुरकुरला की "भाऊ, जरा बघ की" म्हणून आमचंच दार वाजतं.

पहिल्यांदा माझ्या गाडीत घरघर सुरू झाली तेव्हा मी सरळ एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. त्यांनी बोनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि कॉम्प्रेसर गेल्याचं सांगितलं. नवा बसवला. चौथ्या दिवशी वंटमुरीच्या चढाला तीच घरघर. मग कुणीतरी उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं पाठवलं. माणूस गोकाककडचा, मराठी सगळी कळते, बोलतात कानडीच. "मामा, आवाज येवालाय, डाव्या बाजूनं, खालनं..." मी सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "एल्ली बेड. मोदल यावाग हेळ्री." कुठून ते राहू दे, आधी कधी ते सांगा.

मला सांगताच येईना. एसी बंद असताना आवाज येतो का, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं. आवाज तसाच. इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी, पुली बोटानं फिरवली. वाळूत फिरावी तशी करकरली. हातातला चहा संपायच्या आत निदान झालं होतं. कॉम्प्रेसरचे पैसे गेले ते गेलेच. जुना, चांगला कॉम्प्रेसर मी त्या वर्कशॉपातच सोडून आलो होतो.

‘यावाग’ कसं ठरवायचं

खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये ठेवा.

पहिल्यांदा इंजिन चालू न करता फक्त किल्ली फिरवून पंखा लावा, एकपासून शेवटपर्यंत. बाहेरची हवा आणि आतली हवा ही दोन्ही बटणं बदलून बघा. इथंच आवाज आला तर दुखणं डॅशबोर्डात आहे. कॉम्प्रेसर, बेल्ट, गॅस यांचा काही संबंध नाही, कारण इंजिन फिरतच नाहीय.

मग पंखा आणि एसी बंद, इंजिन चालू. बोनेट उघडून हातभर लांब उभं राहून ऐका. आता आवाज आला तर बेल्ट, पुल्या, बेअरिंग.

शेवटी घरातलं कुणीतरी आत बसवा आणि एसीचं बटण दर अर्ध्या मिनिटानं चालू-बंद करायला सांगा, चार-पाच वेळा. बटणासोबत येणारा आणि बटणासोबत जाणारा आवाज असेल तर मात्र कॉम्प्रेसर, त्याचा क्लच, पुढचा पंखा, नाहीतर गॅस. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. गॅरेजात गेल्यावर गाडी हटकून गप्प बसते.

एक फसवणारा आवाज इथंच बाजूला काढतो. गोगटे सर्कलला सिग्नलला उभे आहात, एसी चालू आहे, आणि अख्खी केबिन गुंऽऽ करते, स्टीअरिंग थरथरतं. ॲक्सिलरेटरवर पाय किंचित टेकवला की सगळं शांत. हे बहुधा इंजिन माउंटिंगचं रबर बसल्याचं लक्षण. एसीचा भार पडल्यावर इंजिन जास्त हलतं आणि ते हलणं रबर गिळत नाही. यासाठी एसीवाल्याकडं गेलात तर तो गॅस भरून देईल आणि गुंगुं तशीच राहील.

फडफड आणि खरखर: फिल्टर, मग ब्लोअर

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेलेलं दुखणं हेच. बऱ्याच गाड्यांत एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडा, समोर झाकण दिसेल. फिल्टर काढा आणि काढतानाच त्याच्यावरच्या बाणाचं तोंड कुठं आहे ते बघून ठेवा, बसवताना तसंच हवं.

आपल्या भागात हा फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरांपर्यंत टिकत नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागं तासभर चालवली की पाचटाचा भुगा वायपरखालच्या जाळीतून आत येतो. निपाणीत तंबाखूच्या वखारीपाशी गाडी लावणाऱ्यांचा फिल्टर तर हातात घेतला की शिंक येते. फिल्टर तुंबला की ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डातला पंखा, हवा ओढायला धडपडतो आणि भोंग्यासारखा आवाज करतो. फिल्टर काढून पंखा लावून बघा. आवाज गेला तर नवा फिल्टर आणा, काम संपलं. झटकून तोच परत घालायचा असेल तर घाला, महिनाभर निभेल. धुऊ मात्र नका, कागदी फिल्टर पाण्यानं आवळतो आणि कडेनं फट पडते.

फिल्टर काढूनही फडफड राहिली तर ब्लोअरच्या पिंजऱ्यात काहीतरी आहे. तो बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, पाय ठेवतो तिथं वर असतो. किल्ली काढा, तारेचा सॉकेट सोडवा, तीन-चार स्क्रू काढले की मोटर पिंजऱ्यासकट खाली येते. त्या भागात पिवळ्या वेष्टनाची तार किंवा पिवळा सॉकेट दिसला तर त्याला बोटही लावू नका, ती एअरबॅगची असते.

गेल्या सुगीनंतर खानापूर तालुक्यातले आमचे एक काका गाडी घेऊन आले. गाडी गोठ्याशेजारी महिनाभर उभी होती. "पंखा लावला की आत कोण तरी सूप पाखडालंय बघ," म्हणाले. ब्लोअर खाली काढला. पिंजऱ्यात भुईमुगाची टरफलं, भाताचं पिंजर, गोणपाटाचे धागे, आणि लग्नपत्रिकेचा एक कुरतडलेला तुकडा, त्यावर ‘शुभविवा’ एवढंच शिल्लक. उंदरानं घर बांधलं होतं आणि सोडून गेला होता. काकींनी लांबूनच विचारलं, "आहे काय अजून आत?" नव्हता. ब्रशनं पिंजरा साफ केला, फडफड गेली. वास जायला मात्र पंधरा दिवस लागले.

साफ करताना पिंजऱ्याच्या पाकळीला एखादी बारीक पत्र्याची क्लिप दिसली तर ती कचरा समजून उपटू नका. पिंजरा डुगडुगू नये म्हणून कारखान्यातच लावलेली असते. साफ केल्यावर पिंजरा हातानं फिरवा. हलका फिरला पण चीची करत राहिला तर मोटरचा बुश झिजलाय. बरेच जण तिथं शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडतात. मीही सोडलेत. चार आठवड्यांनी आवाज परत येतो, तेलाला धूळ चिकटून जास्तच येतो. मोटर बदला. आणि पुढच्या वेळेला गाडी धान्याच्या पोत्यांपासून लांब लावा.

डॅशबोर्डातली टिकटिक ही हवेची दिशा किंवा गार-गरम बदलणाऱ्या झडपेच्या छोट्या मोटरची असते. तिचा प्लॅस्टिकचा दाता तुटलेला असतो. गाडी चालवायला धोका काही नाही. मोटर हाताला लागत असेल तर घरी बदला. आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल तर माझं मत, टिकटिक सोसा.

पाणी डचमळतंय

एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपटपायला हवं. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात हवाच इतकी दमट की धार लागते. टपटपत नसेल आणि आत पाणी वाजत असेल तर कूलिंग कॉइलखालची निकासाची नळी तुंबलीय. बहुतेक गाड्यांत ती इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून डाव्या बाजूला बाहेर येते, बोटाएवढी जाड, रबरी. खालून हळू फुंका किंवा मऊ नळीनं पाणी ओढून काढा. सायकलची स्पोक किंवा तार घालू नका. वर कॉइल आहे आणि ती पातळ ॲल्युमिनियमची असते. तिला भोक पडलं की पन्नास रुपयांच्या कामाची किंमत हजारांत जाते.

बोनेटखाली, आधी नुसते डोळे

इंजिन बंद, किल्ली खिशात. किल्ली खिशात असली तरी सावध, कारण पुढचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तापमान बघून आपोआप फिरायला लागतो. बोटं तिथं असली तर तो वाट बघत नाही. खांद्यावरचा टॉवेल, ओढणी, पदर, सैल बाही हेही आधी आवरा.

आता बघायचं काय? एसीचे ॲल्युमिनियमचे पाइप कुठं पत्र्याला घासतायत का. क्लिप तुटलेली असली की पाइप बॉडीला टेकतो आणि कॉम्प्रेसरची नेहमीची गुरगुर ढोलकीसारखी आत ऐकू येते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि एक केबल टाय, एवढ्यावर मी तीन गाड्यांचे "कॉम्प्रेसर" दुरुस्त केलेत. पाइप तेवढा घासून घासून झिजला नाही ना, ते बघा. झिजला असेल तर आज ना उद्या गॅस तिथूनच जाणार.

मग खालचं प्लॅस्टिकचं झाकण. खड्ड्यात आपटून त्याचा एक बोल्ट पडलेला असतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं ते फडफडतं. पुढचा पंखा काठीनं ढकलून फिरवा; पाकळी जाळीला लागतेय का, बेअरिंग करकरतंय का ते कळतं. कंडेन्सरच्या, म्हणजे तापलेला गॅस गार करणाऱ्या पुढच्या जाळीत चिखल, पाकोळ्या, पाचट भरलं असेल तर साध्या नळाच्या पाण्यानं धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरची तोटी जवळून मारली तर पापुद्रे आडवे पडतात आणि हवा कायमची अडते. याचा आवाजाशी संबंध असा की कंडेन्सर तापला की आतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की चांगला कॉम्प्रेसरसुद्धा कण्हायला लागतो.

‘चींऽऽ’: बेल्ट

एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार एकदम बेल्टवर येतो. बेल्ट ढिला, गुळगुळीत किंवा तेलकट असेल तर पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. इंजिन बंद ठेवून बेल्टची खाचांची बाजू वळवून बघा. भेगा, सुटलेले धागे, काचेसारखी चमक, यातलं काहीही दिसलं तर बेल्ट बदला, पुढचं वाचायची गरज नाही.

बेल्ट दिसायला चांगला असेल तर पाण्याची परीक्षा करा. इंजिन चालू असताना, लांबून, फवाऱ्याच्या बाटलीनं खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट झिजलाय. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, म्हणजे टेन्शनर बघायचा.

आपल्याकडचे जुने ड्रायव्हर बेल्टला साबणाची वडी किंवा मेणबत्ती घासतात. आवाज जातो, खरंच जातो. गोव्यात गाडी रिकामी करून परत येईपर्यंत टिकतोही. पण बेल्ट आणखी गुळगुळीत होतो आणि घसरून तापत राहतो. बऱ्याच गाड्यांत हाच एक बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो. तो चोर्ला घाटात तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन तापतं, आणि तिथं मोबाइलला रेंजही धड मिळत नाही.

घरघर: टेन्शनर, आयडलर, क्लचचं बेअरिंग

माझे पैसे बुडवणारा आवाज हाच, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

बेल्ट ज्या ज्या पुलीवरून जातो त्या प्रत्येकीत बेअरिंग असतं. कॉम्प्रेसरच्या पुलीतसुद्धा. क्लचवाल्या कॉम्प्रेसरची पुली एसी बंद असतानाही फिरतच असते. एसी लावला की समोरची क्लचची चकती तिला चिकटते आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. म्हणून एसी बंद असताना घरघर आणि लावल्यावर ती बदलली किंवा गेली, तर संशय क्लचच्या बेअरिंगवर. भार बदलला की झिजलेल्या बेअरिंगचा सूर बदलतो. एसी लावा, बंद करा, काही फरकच पडत नाही, तर टेन्शनर किंवा आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली). दोन्ही ठिकाणी कॉम्प्रेसर आतून ठणठणीत असू शकतो.

नक्की कुठली पुली ते शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक पुलीच्या मधल्या न फिरणाऱ्या बोल्टवर किंवा बॉडीवर, मूठ कानाच्या हाडावर. चांगलं बेअरिंग नुसतं सुसावतं, खराब बेअरिंग थेट डोक्यात दळतं. हात स्थिर नसेल, जागा अडचणीची असेल तर हे करू नका. बेल्ट उतरवून बघणं जास्त खात्रीचं. त्यासाठी आधी बेल्ट कसा गुंडाळलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मी एकदा काढला नव्हता. रविवार होता, दुकानं बंद, सहा पुल्यांत तो बेल्ट किती तऱ्हांनी बसू शकतो ते त्या दिवशी कळलं. टेन्शनरची स्प्रिंग जोरात असते, पान्हा सुटला तर मनगट फिरवते.

बेल्ट उतरल्यावर मिनिटभरच इंजिन चालू करून लगेच बंद करा. आवाज पूर्ण गेला तर तो पुल्यांतलाच होता. आता एकेक पुली बोटानं फिरवा आणि दोन बोटांत धरून हलवा. करकर लागली, अडखळली, किंवा डुगडुगली, ती बदलायची. टेन्शनर, आयडलर हाताशी असतील तर घरी होतात. क्लचचं बेअरिंग बाहेर काढायला पुली ओढून काढणारा पुलर आणि प्रेस लागतो, ते उद्यमबागेसारख्या ठिकाणी द्यावं. दुकानदार अख्खा कॉम्प्रेसर गळ्यात मारू बघेल. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून तेवढंच मागा, बऱ्याचदा मिळतं.

नव्या काही गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतूनच कमीजास्त होतो. तिथं ‘टक्’ ऐकू येत नाही आणि वरचा बटणाचा खेळही तितका स्पष्ट कळत नाही.

‘टक्’ आणि ठकठक: कॉम्प्रेसरपाशी

‘टक्’ हा क्लच चिकटल्याचा आवाज. तो यायलाच हवा. बेळगावच्या थंड हवेत कॉइल लवकर गार होते, ती गोठू नये म्हणून क्लच सुटतो, परत चिकटतो. काळजी कधी करायची, तर टकटक दर चार-पाच सेकंदांनी होतेय आणि हवाही गार नाही तेव्हा. गॅस कमी असला की दाब झरकन पडतो आणि यंत्रणा कॉम्प्रेसरचा क्लच सोडते. तसंच चालवत राहिलात तर क्लच जळतो.

ठकठक असेल तर आधी कॉम्प्रेसरचे आणि त्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट बघा. इंजिन थंड असताना, पान्ह्यानं. आपल्या रस्त्यांवर ते ढिले होतात, यात कंपनीला दोष देता येत नाही. बोल्ट तुटलेला असेल किंवा ब्रॅकेटला चीर असेल तर नुसतं आवळून भागत नाही. बोल्ट घट्ट, बेल्ट चांगला, पुल्या चांगल्या, आणि तरी एसी लावला की आतून खिळे हलवल्यासारखा आवाज: आता मात्र कॉम्प्रेसरच.

इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डात काही सेकंद ‘फुस्स’ होऊन विरून जातं, तो दोष नव्हे. दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतानाचा तो आवाज आहे. एसी चालू असताना तो सतत येत असेल आणि गारवा कमी असेल, तर गॅस कमी आहे किंवा कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व अडलाय.

इथं हात थांबवायचा

गॅसच्या पाइपाचा एकही जोड घरी उघडायचा नाही. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, तो उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात किंवा बोटावर उडाला तर मांस गोठतं. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, तो पेटूही शकतो. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा आणि मिस्त्रीला दाखवा.

वजन महत्त्वाचं का? गाडी बंद असताना ३० अंश हवेत गेजवर साधारण ९५ पीएसआय दाब दिसतो. गॅस पुरा असला तरी तेवढाच आणि अर्धा असला तरी तेवढाच, आत थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत. म्हणून "गेज बघितला, बरोबर आहे" याला अर्थ नाही. सगळा गॅस मशीननं काढून, व्हॅक्यूम करून, वजनानं भरणारा माणूस शोधा. अंदाजानं जास्त भरला तर कॉम्प्रेसर ठोके देतो. कमी राहिला तर गॅससोबत फिरणारं तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. दोन्हीकडून आवाजच. आणि जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडं जाऊ नका. आर-१३४एचा एक किलो हवेला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० किलोंइतका तापवतो.

गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो ही समजूत सोडा. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे गळतोय. बेळगावात त्याचं एक कारण मी वर्षानुवर्षं बघतोय: जूनमध्ये पाऊस लागला की लोक एसी बंद करतात तो मार्चमध्ये लावतात. कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील गॅससोबत फिरणाऱ्या तेलानं ओलं राहतं. आठ-नऊ महिने फिरला नाही की ते सुकतं, गॅस निसटतो, आणि पहिल्या उन्हात घरघर, टकटक सुरू. पावसात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा. चोर्ल्याच्या धुक्यात तसाही काचेसाठी लागतोच.

जळका वास किंवा धूर आला, कॉम्प्रेसरची पुली डुगडुगताना दिसली, किंवा एसी लावताच इंजिन दबून बंद पडू लागलं तर एसी बंद करा आणि गाडी पुढं दामटू नका. पुली जाम झाली की बेल्ट जळतो, मग गाडी उचलूनच आणावी लागते. कॉम्प्रेसर आतून फुटलाय म्हणून मिस्त्रीनं पाइपातला काळा, चमकीचा कीस दाखवला, तर नुसता नवा कॉम्प्रेसर बसवू देऊ नका. तो कीस कंडेन्सरमध्ये अडकून बसतो आणि नव्यालाही खातो. गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलायला लागतो, पाइप धुवायला लागतात, कंडेन्सर बहुधा नवाच. खर्च मोठा आहे, पण दोनदा करण्यापेक्षा एकदा परवडतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर बोनेटखाली काहीच करू नका. नारिंगी केबल जीव घेण्याइतक्या विजेच्या दाबाच्या असतात, आणि त्यांच्या कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं.

गॅसवाल्याकडं जाताना मी आता चिठ्ठी लिहून नेतो. परवाची अशी होती: ‘एसी बंद, आवाज नाही. एसी चालू, ठकठक, रेस केली की वाढते. बेल्ट नवा. पुल्या बेल्ट उतरवून बघितल्या, ठीक. बोल्ट घट्ट. गेल्या वर्षी गॅस दोनदा भरला, लीक कुणी शोधला नाही.’ मिस्त्रींनी चष्मा लावून ती वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि गेजला हात न लावता साबणाचा फेस घेऊन पाइपांच्या जोडांकडं वळले.